उडत्या माश्या

माशी हा कांहीं निबंधाचा विषय नव्हे, असें कोणीही सुज्ञ वाचक म्हणेल. मोराला, हंसाला, फार काय उंदरालाही देवाचें वाहन होण्याचा मान मिळाला. माशीला मात्र आपल्या भाषेनें दोनच कामें नेमून दिलीं. एक, ऐन कार्याच्या वेळीं शिंकणें. आणि दुसरें, नकलकाराच्या हातून पोथींत चिकटणें. 'मक्षिकास्थाने मक्षिका' हे शब्द आमच्या आत्याच्या तोंडीं नेहमीं असतात. मूळ पोथींत एक माशी चिरडून बसली होती, म्हणून त्या इमानी लेखकानें नव्या पोथींतही नेमक्या त्याच अक्षरावर एक माशी मारून चिकटविली, ही गोष्ट ती वर्गांत मुलींना सांगे आणि शेवटीं बजावी, "नुसतें उतरवूं नका, आधीं नीट बघा." ३१ वर्षें तिनें शाळेंत संस्कृत शिकविलें. तिच्याच माश्यांची ही हकीकत आहे. आणि ती सांगतांना माझी मान थोडी खालीं जाणार आहे, हें आरंभींच कबूल करतों.

आत्या आज ८३ वर्षांची आहे. यजमान गेल्यावर ती माहेरीं, म्हणजे आमच्याकडे, राहावयास आली, त्यालाही आतां २० वर्षें होत आलीं. आमचें घर पुण्यांतलें. जुना वाडा पाडून तेथें इमारत झाली, तेव्हां आम्हां दोघां भावांच्या वांट्याला शेजारशेजारच्या दोन जागा आल्या. आम्हीं मधल्या भिंतींत दार काढलें आणि स्वयंपाक एकच ठेवला. घरांत लहानमोठीं नऊ माणसें आहेत, आणि नऊ माणसांच्या घरांत कोणाचें कोणीं किती ऐकावें याचे अलिखित नियम असतात. म्हाताऱ्या माणसाचें म्हणणें आदरानें ऐकावें आणि मग विसरून जावें, हा त्यांतलाच एक.

दोन वर्षांपूर्वीं आत्याच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पुढें कांहीं महिन्यांनीं मात्र डोळ्यांसमोर काळे ठिपके आणि दोऱ्याचे तुकडे तरंगतात, असें ती म्हणूं लागली. डॉक्टरांनीं औषध घालून बाहुल्या विस्फारल्या, आंत नीट पाहिलें आणि धीर दिला. डोळ्याच्या गोलांत एक पारदर्शक, घट्टसर रस भरलेला असतो. वयाबरोबर तो आक्रसतो, त्यांत बारीक गुठळ्या होतात आणि त्यांची सावली मागच्या दृष्टिपटलावर पडते. सावली असते आंत. मनुष्याला वाटतें, वस्तु बाहेर आहे. असे ठिपके एकाएकीं पुष्कळ वाढले, विजेसारखे लखलखाट दिसूं लागले किंवा नजरेच्या कडेला पडदा आल्यासारखें वाटलें, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे धांव घ्यावी, कारण दृष्टिपटल सुटण्याचें तें चिन्ह असूं शकतें. एरवीं त्यांची संवय करून घ्यावी, असें त्यांनीं बजावलें. या ठिपक्यांना वैद्यकांत 'मस्की व्होलितांतीस' असें लॅटिन नांव असून त्याचा शब्दशः अर्थ 'उडत्या माश्या' असा होतो, हेंही जातां जातां सांगितलें. आम्हां सर्वांना तें नांव फारच आवडलें. माझ्या धाकट्या बंधूनें तर तें पाठच करून टाकलें. पुढचा सर्व अनर्थ त्या नांवानें केला.

गेल्या वर्षीं श्रावणांत एके सकाळीं आत्या मागच्या न्हाणीघरांतून बाहेर आली आणि म्हणाली, "अग, मोरीपाशीं भिंतीवर बारीक बारीक माश्या बसल्या आहेत." सौ. हातांतलें काम टाकून आंत डोकावून आली. त्या भिंतीच्या फरशा करड्या ठिपक्यांच्या आहेत. तिला कांहींच दिसलें नाहीं. बंधु चहा पीत होता, तो हंसून म्हणाला, "आत्या, त्या तुझ्या डॉक्टरांच्या माश्या. मस्की व्होलितांतीस!" सगळे हंसले. मीही हंसलों.

दोन दिवसांनीं पुन्हां तेंच झालें, आणि आठवड्यानें पुन्हां. तिसऱ्या वेळीं मात्र आत्या थांबली आणि वर्गांत बोलावें तसें सावकाश म्हणाली, "डोळ्यांतल्या माश्या माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. मी बघेन तिकडे त्या येतात, आणि नजर थांबली तरी पाण्यांतल्या गाळासारख्या सरकत राहतात. भिंतीवरची माशी मी मान फिरविली तरी जागा सोडीत नाहीं. दोरीला साप म्हणणारे पुष्कळ असतात. तुम्ही सापालाच दोरी म्हणतां आहां."

आज तो युक्तिवाद लिहून काढतांना त्यांत एकही छिद्र मला दिसत नाहीं. त्या दिवशीं मात्र आम्हांला त्यांतला विनोद तेवढा दिसला. तिच्या म्हणण्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, पण नांव तयार होतें. आणि नांव तयार असलें कीं उठून पाहण्याचे श्रम वांचतात.

नंतर आत्यानें माश्यांचें नांव काढणें सोडलें. तेवढ्यावर भागलें असतें तर हा लेख लिहिण्याचें कारणच पडलें नसतें. पण दुपारीं तांदूळ निवडणें हें तिचें वर्षानुवर्षांचें काम, एके दिवशीं तिनें तें ताट धाकट्या सूनबाईंच्या पुढें सरकविलें आणि म्हणाली, "हे तूंच निवड, बाई. मला दिसतें तें असतेंच असें नाहीं." तिचें सकाळचें वर्तमानपत्र घडी न मोडतां पडून राहूं लागलें. जिन्याशीं आली कीं ती विचारी, "येथें पायरीच आहे ना?" तीच पायरी ती दहा वर्षें उतरत होती. डोळे तिचे होते तसेच होते; त्यांच्यावरचा तिचा विश्वास आम्हीं काढून घेतला होता. मला हें कळत होतें. पण कळलें असें कबूल करावयाचें तर आपण चुकलों हेंही कबूल करावें लागतें, म्हणून मी गप्प राहिलों.

कोंडी फोडली माझ्या पुतणीनें. ती कॉलेजांत वाणिज्याची विद्यार्थिनी. कीटकांशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. पण रांगोळ्यांचे आणि फुलांचे फोटो काढण्यासाठीं तिनें मोबाइलवर चिमट्यानें बसणारें एक लहानसें भिंग घेतलेलें आहे. एके सकाळीं तिनें आत्याचा हात धरला आणि म्हणाली, "आत्याआजी, कुठें आहेत त्या, मला दाखव." आत्यानें बोट दाखविलें. पांच मिनिटांनीं पुतणी माझ्यापुढें येऊन उभी राहिली. "काका, हें बघा."

पडद्यावर एक विलक्षण प्राणी होता. तांदळाच्या दाण्याएवढाही नसलेला तो जीव तळहाताएवढा होऊन दिसत होता. रुंद, टोंकदार पंख पाठीवर मिटून हृदयाचा आकार झालेला. पंखांवर, अंगावर सर्वत्र राखाडी लव. आणि डोक्यावर मण्यांच्या दोन माळा असाव्यात तशा स्पर्शिका, प्रत्येक मण्याभोंवतीं केसांचें कडें. मोबाइल हातोहात फिरला. बंधूनें चष्मा काढून पुसला आणि पुन्हां लावला. सौ. पोह्यांची बशी हातांत धरून तशीच उभी राहिली. "मी सांगत नव्हतें?" असें आत्या म्हणाली असती तर आम्हांला बरें वाटलें असतें. ती तसें म्हणाली नाहीं. फोटो डोळ्यांजवळ नेऊन तिनें विचारलें, "हिचें नांव काय?"

येथून पुढचे पंधरा दिवस आमच्या घरांत जें चाललें, त्याला संशोधन म्हणणें धाडसाचें होईल. पण इतकें मन लावून आम्हीं एकत्र दुसरें कांहीं केलें असेल, असें मला आठवत नाहीं.

आजकाल मोबाइललाच फोटो दाखविला कीं तो प्राण्याचें नांव सांगतो. आमच्या मोबाइलनें क्षणाचाही विलंब न लावतां सांगितलें, 'पतंग'. आत्या म्हणाली, "मक्षिकास्थाने मक्षिका तरी बरी! हें तर मक्षिकास्थाने पतंग झालें." पण यंत्राला हंसण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. लव आणि रुंद पंख पाहिले, सर्वांत जवळचें नांव उचललें आणि चिकटवून दिलें. आम्हीं तरी दुसरें काय केलें होतें?

पतंग आणि माशी यांतला भेद पंखांच्या संख्येंत आहे. पतंगाला चार पंख असतात, माशीला दोन. तिच्या मागच्या दोन पंखांच्या जागीं गांठीच्या टोंकाच्या दोन इवल्या दांड्या असतात, आणि उडतांना त्या तोल सांभाळतात. डांस, चिलटें आणि घरमाशी हीं सर्व मंडळी याच एका गणांतलीं. 'डिप्टेरा', म्हणजे दोन पंखांचे, हें त्याचें नांव मूळ ग्रीक असून तें ॲरिस्टॉटलपासून चालत आलें आहे. आजवर या गणाच्या दीड लाखांहून अधिक जातींना नांवें मिळालीं आहेत. पण वरून काढलेल्या आमच्या फोटोंत मागच्या पंखांच्या जागीं काय आहे तें दिसणार कसें? तेव्हां कळलें कीं एका फोटोवरून माशी ओळखतां येत नाहीं. एक फोटो वरून हवा, एक बाजूनें, एक समोरून तोंडाचा, आणि आकार कळण्यासाठीं शेजारीं कांहीं माप हवें.

मग आम्ही शिकत गेलों. भिंग इतकें जवळ न्यावें लागतें कीं श्वासानेंही हात हालतो; म्हणून कोपर भिंतीला टेकावें. डोळा स्पष्ट आला तर पंखाचें टोंक धूसर येतें. म्हणून एकाच जागेवरून पुढेंमागें सरकून दहा-बारा फोटो काढावे. विजेरीचा प्रकाश थेट टाकला तर लव चकाकून सर्व रेषा बुजतात. मधें पातळ पांढरा कागद धरावा. मापाची युक्ति आत्याची. खिडकींत एक माशी मरून पडली होती, ती तिनें कुंचल्यानें उचलून आलेखाच्या कागदावर ठेवविली. मिलिमीटरचे चौकोन मोजले, चार भरले. बाजूच्या फोटोंत गांठीच्या त्या दांड्याही सांपडल्या. माशीच ती!

पुढची खूण पंखांवरच्या शिरांची. माशीचा पंख हा तिच्या कुळाचा दाखलाच असतो. शिरा कोठून फुटतात, एकमेकींना कोठें मिळतात, यावरून कूळ ठरतें. आमच्या माशीच्या शिरा गव्हाच्या पात्यावरच्या शिरांसारख्या, बुडापासून कडेपर्यंत जवळ जवळ समांतर गेलेल्या होत्या. यावरून कूळ निघालें 'सायकोडिडी'. इंग्रज लोक या माश्यांना पतंग-माशी किंवा मोरी-माशी म्हणतात; आपल्याकडे अशा सर्व बारीक मंडळींना सरसकट 'चिलट' म्हणून मोकळें होण्याची रीत आहे.

कूळ कळलें आणि घरांत निराळीच धास्ती शिरली. बंधूनें वाचून काढलें कीं काळा आजार पसरविणारी वालुमाशी याच कुळांतली आहे. ही धास्ती पोकळ नव्हती. त्या रोगाचे जंतु १९०३ सालीं लीशमन आणि डोनोव्हन यांनीं ओळखले. पण ते माणसांत नेतें कोण, याचा पक्का पुरावा मिळण्यास १९४२ साल उजाडावें लागलें. स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन या तिघांनीं तेव्हां दाखवून दिलें कीं वालुमाशीच्या दंशानें हा रोग माणसाला होतो. बिहार आणि बंगालकडे या माशीनें गांवेंच्या गांवें रडविलीं आहेत. त्या रात्रीं आमच्याकडे न्हाणीघराचें दार घट्ट लावून घेतलेलें होतें.

दुसऱ्या दिवशीं तेच फोटो आम्हीं पुन्हां पुढें घेतले. वालुमाशी सडपातळ, पाठीला पोंक आलेली, लांब पायांची असते. आणि बसतांना ती पंख पाठीवर न मिटतां वर उभे, पसरट धरते. आमची माशी जाड लवेची आणि पंख छपरासारखे टेकून बसणारी. हिच्या मुखाची ठेवणही चावण्यासाठीं नाहीं. भीतीचें निरसन झालें, आणि तेंही त्याच फोटोनें केलें. नांव बरोबर असण्याला किती किंमत असते, हें मला त्या दिवशीं खऱ्या अर्थानें समजलें. एकाच कुळांतल्या दोन माश्या. एक निरुपद्रवी, दुसरी प्राणघातक. आणि दोहोंना आपण चिलटच म्हणावयाचें!

आतां जात राहिली. वरच्या फोटोंत पंखांच्या कडेला, प्रत्येक शिरेच्या टोंकाशीं, पांढरा ठिपका होता, आणि पंखाच्या मध्यावर गडद लवेचा एक झुबका. या खुणांवरून नांव मिळालें 'क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा'. विलिस्टन नांवाच्या शास्त्रज्ञानें १८९३ सालीं या जातीचें वर्णन केलें. 'अल्बिपंक्टाटा' म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांची, असें मीं सांगतांच आत्याचे डोळे चमकले. "म्हणजे बहुव्रीहि!" ती म्हणाली. "श्वेताः बिंदवः यस्याः सा. श्वेतबिंदु. नांव ठेवणारानें आधीं बघितलें आहे हो तिला." कित्येक आठवड्यांत आत्याचा तो शाळेंतला आवाज आम्हीं ऐकला नव्हता.

या नादांत जुनीं पुस्तकें चाळतांना एक नांव भेटलें, तें येथें नोंदवितों. ब्रुनेटी हे व्यवसायानें संगीतज्ञ. कलकत्त्यास राहून त्यांनीं हिंदुस्थानांतल्या माश्यांचा अभ्यास केला आणि १९१२ सालीं त्यांवरचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. काळ्या आजाराच्या त्या वालुमाशीला १९०८ सालीं ॲनंडेल यांच्यासह त्यांनींच 'अर्जेंटिपीस', म्हणजे चंदेरी पायांची, असें नांव दिलें. कोणी ऐकत नसतांही कान तयार ठेवणें ही गवयाची संवय. तीच त्यांच्या डोळ्यांनाही असली पाहिजे.

नांव कळल्यावर उपाय सोपा झाला. या माशीच्या अळ्या मोरीच्या नळांत आंतल्या बाजूस जो बुळबुळीत थर धरतो, त्यांत वाढतात, आणि उबेच्या दिवसांत दोन-तीन आठवड्यांत त्यांच्या माश्या होतात. त्या नेमक्या कोठून येतात हें पाहण्याची युक्ति अशी: रात्रीं मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी, चिकट बाजू खालीं करून, हवेला थोडी फट ठेवून लावावी. सकाळीं आमच्या पट्टीला सात माश्या चिकटल्या होत्या. नुसतें औषध ओतल्यानें तो थर सुटत नाहीं. लांब दांड्याच्या कुंचल्यानें नळ आंतून घांसून कढत पाणी सोडावें लागतें. तें काम, कोणीं न सांगतां, बंधूनें केलें. घांसून बाहेर आला तेव्हां तो आत्याला म्हणाला, "तुझें बरोबर होतें, आत्या." तिनें त्याच्या पाठीवरून हात फिरविला. घरांतल्या क्षमा अशाच मागितल्या जातात.

पण आमचा कस अजून लागावयाचा होता. भाद्रपदांत तुळशीच्या कुंडीवर दुसरीच एक माशी दिसूं लागली. काळी, किरकोळ, दोन-तीन मिलिमीटरची. मोबाइलनें जातीसकट नांव बिनदिक्कत सांगितलें. आत्यानें फोटो मागून घेतले. दोन्ही डोळे स्पर्शिकांच्या वरून पुलासारखे एकमेकांना जोडलेले होते. पंखांत मधली शीर दुभंगून घंटेचा आकार झाला होता. यावरून कूळ 'सायारिडी' इतकें म्हणतां आलें. ओलसर मातींतल्या बुरशीवर वाढणाऱ्या माश्या त्या. कुंडीचें पाणी कमी केलें कीं कमी होतात. पण जात? त्यासाठीं नर-माशीच्या शेपटाकडचे अवयव सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावे लागतात. ते फोटोंत नाहींत, आणि फोटो कितीही मोठा केला तरी जें त्यांत उमटलें नाहीं तें दिसावयाचें कोठून? बंधु म्हणाला, "यंत्र सांगतें आहे, तर लिहून टाकूं." आत्या म्हणाली, "नको. दिसलें तेवढेंच लिही. कूळ लिही, आणि पुढची जागा कोरी ठेव."

आमच्या वहींत ती जागा अजून कोरी आहे. मला त्या कोऱ्या जागेचा थोडा अभिमान वाटतो. श्रावणांत आम्हीं अशीच एक जागा कोरी ठेवली असती, "आत्याला कांहीं दिसतें आहे, काय तें ठाऊक नाहीं" एवढेंच म्हणून मोरीपर्यंत गेलों असतों, तर तिचे ते मुके आठवडे टळले असते. वाचकांच्या घरींही कोणी वडीलधारें माणूस असेल. त्याला दिसणारें सर्वच खरें असेल असें मी म्हणत नाहीं. आत्याच्या डोळ्यांतल्या उडत्या माश्या आजही आहेत, आणि त्या कोणत्याही भिंगाला दिसणार नाहींत. पण कोणती माशी आंतली आणि कोणती बाहेरची, याचा निवाडा चहाच्या पेल्यामागून करूं नये. उठावें आणि ते बोट जिकडे दाखवितात तिकडे पाहावें.

दसऱ्याच्या आदल्या दुपारीं मी ओसरीवजा गॅलरींत बसलों होतों. आत्या आली, तिनें चष्मा लावला आणि तांदळाचें ताट मांडीवर ओढून घेतलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. थोड्या वेळानें तिनें एक दाणा चिमटींत धरून उजेडाकडे केला, "खडा," असें स्वतःशींच म्हणाली आणि बाजूला ठेवला.

तो खडाच होता कीं काय, हें पाहावयास मी उठलों नाहीं.